माबलीचं पोट

जत्रेच्या दिवशी सकाळी माबलीने पेजेच्या ताटलीकडे पाठ फिरवली.

सुगंधा मागच्या पडवीत उकिडवी बसली होती, ती तशीच राहिली. मेजरने, दुसऱ्या कुत्र्याने, आपली पेज संपवली, माबलीची संपवली आणि रिकामी ताटली जिभेने ढकलत पार पायरीपर्यंत नेली. माबली गोणपाटावर मागचे पाय रोवून उभी होती. बसत नव्हती, आडवी होत नव्हती. दिवसाचे अठरा तास झोपणारं जनावर आज उभं राहून जमिनीकडे बघत होतं.

सुगंधाने तिच्या पोटाखाली हात घातला. एरवी तिथे पोट असं नसेच. छातीचा खोल पिंजरा संपला की कंबर एकदम वर चढे, मूठभर उरे. आज हाताला नारळ लागला. घट्ट, गोल, ताणलेला.

"आत्ये," तिने हाक मारली. आवाज वर्गात हजेरी घेताना निघतो तसा शांत निघाला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "आत्ये, हयसर ये बघूया."

पण स्वयंपाकघरात शिरवाळ्यांवरून, नैवेद्याच्या तांदळाच्या शेवयांवरून, दुसरंच रण माजलं होतं.

"माझे शिरवाळे खंय गेले?" रुक्मिणीकाकीचा आवाज माडांपर्यंत जात होता. "पाटेक उठान पिळलंय. टोपली भरलली! रसाचो तपेलो भरललो! सांजच्याक देवाक नैवेद्य काय दाखवू, टोपली?"

"मांजरान खाल्ल्यान असतीत," हौसाआत्या म्हणाली.

"होय तर. मांजरान रस पिल्यान, तपेलो घासल्यान, विसळल्यान आणि उपडो घातल्यान. गुणाचा मांजर गो तुमचा, वन्सं!"

"आत्ये!" सुगंधा आता ओरडली. "माबलीचा पोट फुगलाहा!"

स्वयंपाकघर गप्प झालं. इतकं एकदम, की सुगंधाच्या मनात तिथेच काहीतरी चुकचुकलं. पण विचार करायला वेळ नव्हता.

बाबांनी तिला एकदाच सांगितलं होतं, आणि तेही दुसरंच काही सांगता सांगता. "ह्या जातीच्या पोटाक जप. फुगला तर बसूक देव नको, चालव. सायबाचो एक कुत्रो सकाळी फुगलो, जेवणाच्या येळेक गेलो. विलायतेचो डॉक्टर बाजूक उभो होतो, तरी गेलो." एवढं सांगून ते पुन्हा मेजरच्या कानातल्या गोचड्या काढायला लागले होते.

ह्या दोघांना घरात आणलं ते बाबांनीच. हरिश्चंद्र केळुसकर बावीस वर्षं मुंबईत एका गोऱ्या साहेबाकडे शर्यतीच्या कुत्र्यांवर होते. साहेबलोक सुट्टीच्या दिवशी आपल्या खाजगी मैदानात कुत्रे सोडत. पुढे तारेवरून कापडाचा ससा पळे आणि मागे हे. साठ साली साहेब विलायतेला परतला. कुत्र्यांचं काय, हा प्रश्न त्याने सुई टोचणारा डॉक्टर बोलावून सोडवला. दोन उरले, ते हरिश्चंद्रांनी हात जोडून मागून घेतले. बोटीच्या डेकवर दोघांच्या मधे बसून ते मालवणला आले. पडावातून धक्क्यावर उतरवताना लोक म्हणाले, हरिश्चंद्रान वासरा हाडल्यान. कुत्रीचं शर्यतीतलं नाव मेबल होतं. हौसाआत्याने पहिल्याच संध्याकाळी ते तारकर्लीला शोभेलसं करून टाकलं.

दोघांनी जन्मात पायरी पाहिली नव्हती. पहिले आठ दिवस बापलेकीने एकेक पाऊल हाताने उचलून त्यांना घराच्या पायऱ्या चढायला शिकवलं. सुगंधाने आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली होती आणि मालवणच्या शाळेत पुष्कळ मुली शिकवल्या होत्या. पण मेजर चौथी पायरी आपण होऊन चढला त्या दिवशी ती जेवढी हसली तेवढी त्याआधी आणि त्यानंतर हसली नाही. सहा महिन्यांनी, वैशाखात, आरामखुर्चीत बसल्या बसल्या बाबा गेले. कुत्रे पायाशी झोपलेले होते. घरात सगळ्यांना वाटलं, तेही झोपलेत.

बाबांचा धाकटा भाऊ धोंडू वर्षश्राद्ध होईपर्यंत कुत्र्यांबद्दल अवाक्षर बोलला नाही. मग बोलला ते एकदाच. कसालच्या गंगाराम राऊळाला दोघे द्यायचे ठरलेत. तो डुकराची शिकार करतो, त्याला पळणारे कुत्रे हवेत. जत्रेदिवशी दुपारी चारला येईल. सुगंधाने महिनाभर परोपरीने सांगितलं. काकाचं उत्तर तीन शब्दांचं होतं: माझो शब्द गेलोहा. धोंडूकाकाने मालवणच्या कोर्टात पायवाटेचा एक दावा सतरा वर्षं लढवला होता. त्याच्याशी वाद घालायला गावात कोणी सहसा जात नसे.

आणि आज चारला गंगाराम येणार होता. त्याआधी जेवणाची वेळ होती.

सुगंधाने माबलीला दावं लावलं आणि माडांच्या बागेतून तिला किनाऱ्यावर काढलं. ओल्या वाळूवर पाय रुततो पण भाजत नाही. मार्गशीर्षातला समुद्र ताटात वाढल्यासारखा सपाट होता. माबली चार पावलं टाकी, थांबे, मान खाली घाली. "चल गो बाय," सुगंधा म्हणे, "चल. अजून वायंच."

मागून धापा टाकत हौसाआत्या आली. पंच्याहत्तरीची बाई, नऊवारीचा काचा खोचून वाळूवर धावत आली होती.

"ओव्याचा पाणी पाजूया?"

"काय पाजूचा नाय. पोटात आसा ताच भायर पडाक होया. आत्ये, काल हिणा काय खाल्ल्यान? मी पेज आणि वाटीभर मटणाची हाडा, एवढाच दिलंय."

आत्याने समुद्राकडे पाहिलं. समुद्रात बघण्यासारखं काही नव्हतं.

"आत्ये."

"दोन घावणे," आत्या म्हणाली.

"काल?"

"काल… आणि परवा."

"रोज?"

"रोज खंय गो! सोमवारी माझो उपास, तेवा घरात घावणे नसतत." आत्याने डोळ्याला पदर लावला. "तुझ्या बापसाक मी सांगललंय, बाबा रे, हिच्या बरगड्यो दिसतत. तो म्हणता, तीन बरगड्यो दिसाकच व्हयो. माका सांग, आमच्या घरातल्या कोणाच्या बरगड्यो कधी दिसल्यो? येणारी जाणारी माणसा खळ्यात बसतत, कुत्री समोर उभी. लोक काय म्हणतले? बापूस मेलो आणि हेंनी कुत्र्यांका उपाशी मारल्यानी!"

सुगंधा चालत राहिली. आत्या एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने, मधे माबली; लग्नाआधी नवरीला देवळात नेतात तशा.

पन्नास पावलांवर रुक्मिणीकाकीने गाठलं. हाताला पीठ होतं.

"वन्सं, तुमी तिका घावणे घालतास? तूप लावन?" तिने मागूनच ऐकलं होतं. "म्हणान तूप उरणा नाय! आणि मी माझ्या झिलाक, सत्यवानाक, बोलतंय!"

"तू काय घालतस ता सांग आधी," आत्या फणकारली. "बांगड्याची डोकी खंय जातत? मांजर तर दारात रडता."

"काटे काढून घालतंय मी," काकी म्हणाली. आणि मग एकाएकी तिचा आवाज खाली आला. "आणि भात. भावजींच्या वाटणीचो. ते गेल्यापासून चुकान एका माणसाचो भात जास्त पडता माझ्या हातान. तो टाकूचो खंय?"

एकोणीस महिने ती ह्याच घरात ह्याच बाईच्या हातचं जेवत होती, आणि हे तिला ठाऊक नव्हतं. तिने दाव्याचा दुसरा वेढा मनगटाला घेतला.

"काकी, तू तिच्या डाव्या बाजून चाल. थांबली तर पाठसून हात लाय. जोरान नको."

काकी लगेच डाव्या बाजूला गेली. गेल्या आठवड्यात हीच काकी म्हणाली होती, गेले तर गेले, माझ्या कोंबड्या तरी वाचतील. आता ती माबलीच्या पाठीवर पिठाचा हात ठेवून म्हणत होती, "चल गो माझे राणये. असा काय करतस. चल."

सत्यवान, धोंडूकाका आणि काकीचा मुलगा, तीन दिवसांपूर्वी मुंबईहून जत्रेला आला होता. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्याच्या कडेकडेने पळत आला आणि कोणी विचारायच्या आधीच म्हणाला, "खाजा मी घातलंय. अर्धो शेर. पण शपथेवर सांगतंय, मेजरानपण खाल्ल्यान, आणि तेका काय एक झाला नाय!"

"मेल्या, आल्या-गुळातला खाजा?" त्याची आई किंचाळली. "कुत्र्याक?"

"ती दात वाजवी गो! माझ्याकडे बघून कटकट कटकट दात वाजवी. माका वाटला भुकेन थंडी भरली."

"खुशीत आली की वाजवतत ते दात," सुगंधा म्हणाली आणि तिला हसू येऊ लागलं. छातीत भीती गच्च भरलेली असताना खालून कुठून तरी हसू येऊ लागलं, आणि ते दाबताना तिचेच दात वाजले.

घावणे, भात, बांगड्याची डोकी, खाजा. तरीही हिशेब जुळत नव्हता. हे सगळं रोजचं होतं. कुत्री लठ्ठ होत होती, एवढंच. आजचा नारळ आजचाच होता.

किनाऱ्यावर दोन होड्या ओढून ठेवल्या होत्या. तिथपर्यंत जायचं आणि परतायचं, अशा त्यांच्या सहा फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला बागेच्या तोंडाशी धोंडूकाका उभा दिसला. पंचा खांद्यावर, हात मागे. सगळे आपोआप हळू झाले.

"काय चल्लाहा ह्या?" काका म्हणाला. "घरात देवाचा कार्य, आणि सगळी बाया-माणसा कुत्र्याची वरात काढून फिरतत?"

"तिचा पोट फुगलाहा, काका," सुगंधा म्हणाली. "मरात ती."

काकाने माबलीकडे पाहिलं. मग पुढे झाला आणि सुगंधाच्या हातातून दावं घेतलं.

"तुमी वायंच सावलेत बसा. मी चालयतंय."

तो चालू लागला. सुगंधा बसली नाही. तीही बाजूने चालू लागली.

"शिरवाळ्यांनी असा होता?" काकाने विचारलं. समोर बघत.

सुगंधा जागच्या जागी थांबली.

"थांबा नको. तूच म्हणतस ना, चालयत ऱ्हवा."

"काका, टोपली भरून?"

"टोपली भरून. रसासकट." त्याने दावं जरा सैल सोडलं. "पाटेक उठलंय, रुक्मिणी न्हावक गेलली. ही दोघा पडवीत. मी म्हटलंय, आज जातली. घरातून जाणाऱ्याक उपाशी धाडतत काय? चेडू सासरी जाता तेवा आवस तोंड गोड करता. मेजर हुंगान बाजूक झालो. हिणा सगळा खाल्ल्यान, आणि माझ्या हाताक चाटल्यान. मी तपेलो घासून ठेवलंय, रुक्मिणीक कळू नये म्हणान."

मागे पंधरा पावलांवर काकीने दोन्ही हात डोक्याला लावले. तिला बरोबर ऐकू आलं होतं.

"तुमका नको होते तर दितास कित्याक शिरवाळे?" सुगंधा म्हणाली. आवाज चढला होता आणि तो आवरायचा नाही असं तिने ठरवलं.

"माका नको होते असा कोणी सांगल्यान तुका?"

"मगे गंगारामाक शब्द?"

काका चालत राहिला. "आमची आवस गेली तेवा दादाक तार केललंय. बोट चुकली तेची. कित्या चुकली? एक कुत्रो आजारी होतो म्हणान. मी एकट्यान आवशीक अग्नी दिलंय. बावीस वर्सा माझो भाव ह्यांका न्हाणयत बसलो, आणि हयसर मी एकटोच. शेवटाक इलो तो पण ह्यांका घेवन इलो. आणि सहा महिन्यात…" त्याने वाक्य सोडून दिलं. "ह्यांच्याकडे बघलंय की माका राग येता. आणि बरगड्यो बघलंय की भात घालूचो वाटता. मी काय करू, सांग?"

त्याच क्षणी माबली थांबली. तिने चारी पाय फाकले, पाठीची कमान केली, आणि तिच्या बरगड्या आतबाहेर होऊ लागल्या.

"येता, येता!" सत्यवान ओरडला.

"बोंबलू नको, भियात ती!" काकी ओरडली, त्याच्याहून मोठ्याने.

माबलीने मान लांब केली आणि ओकली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा जे आलं ते शिरवाळ्यांचं शुभ्र, गुंतलेलं भेंडोळं होतं. केळुसकरांच्या घरात मुलगा झाल्याची वर्दी आली तेव्हा झाला नसेल एवढा जल्लोष त्या किनाऱ्यावर झाला. आत्याने टाळ्या वाजवल्या. काकीने "माझे शिरवाळे!" म्हणून हंबरडा फोडला आणि लगेच हसायला लागली. सत्यवानने बापाला मिठी मारली; काकाला तसं मिठी मारून घ्यायची सवय नव्हती, तो खांबासारखा उभा राहिला, पण हातातलं दावं त्याने सोडलं नाही.

सुगंधाने पोटाखाली हात घातला. नारळ गेला होता. माबलीने दोन ढेकर दिले, आणि तिथेच वाळूवर अंगाची जुडी करून झोपली.

गंगाराम राऊळ बरोबर चारला आला. काळा, उंच, पायात जाड वहाणा, खांद्यावर दोरीचा वेढा. माणूस वाईट नव्हता. त्याने अंगणातल्या खळ्यात बसून चहा घेतला, हरिश्चंद्रांच्या फोटोला नमस्कार केला आणि मग कुत्र्यांकडे पाहिलं. माबली पडवीत निपचित पडली होती. मेजर उभा होता.

"ह्यो धावता काय?" त्याने विचारलं.

"धावण्यासाठीच वाढवलेला आहे तो," सुगंधा म्हणाली. परक्या माणसाशी बोलताना ती शाळेतली मराठी बोले. "पण मोकळं सोडायचं नाही त्याला. बाबांनी दोन वर्षांपूर्वी त्यांचं धावणं बंद केलं. सुटला तर गोव्याला जाईल."

"दोरीर धरतंय मी." गंगारामने मेजरला किनाऱ्याकडे नेलं. सगळं घर मागोमाग गेलं. वाळूवर पोचल्यावर त्याने मेजरच्या गळ्यातला चार बोटं रुंद पट्टा काढला आणि आपल्या झोळीतला अरुंद, पितळी कडीचा पट्टा चढवला.

"तो चालणार नाही," सुगंधा म्हणाली. "यांची मान डोक्यापेक्षा जाड असते. कानांवरून निघून येतो. म्हणूनच तो रुंद पट्टा शिवून घेतलेला आहे."

"बाये, चाळीस वर्सा कुत्रे बाळगतंय मी."

मेजरने दोन पावलं मागे घेतली, मान खाली घातली, आणि पट्टा गंगारामच्या हातात राहिला.

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही, मेजरलाही नसावं. मोकळ्या वाळूकडे त्याने पाहिलं. मग तो तिथे नव्हता.

"मेजर!" सुगंधा धावली आणि चौथ्या पावलाला थांबली, कारण धावण्यात अर्थ नव्हता. तो देवबागेच्या दिशेने निघाला होता, आणि ते धावणं नव्हतंच. चारी पाय पोटाखाली एकत्र येत, मग चारी बाजूंना उघडत, आणि मधल्या काळात तो वाळूला शिवतच नव्हता. होड्यांपाशी जाळं विणत बसलेली माणसं उठून उभी राहिली. जाडं कापड एका हिसड्यात फाडावं तसा आवाज त्यांच्या शेजारून गेला.

"गेलो," सत्यवान म्हणाला. "गेलो रे गेलो."

पुढे कोस-दोन कोस नुसती वाळू होती आणि मग खाडीचं मुख. आणि मग, सुरूच्या झाडांच्या जरा अलीकडे, मेजर डावीकडे कलला. सबंध अंग आत झुकवून तो वळला, बागेच्या कडेने सरळ परत आला, त्यांच्या मागून गेला, पुन्हा डावीकडे वळला. वाळूवर कोणी आखलेलं नव्हतं ते मैदान त्याने आखलं. दुसऱ्या फेरीला आत्या ओरडायला लागली. तिसऱ्या फेरीला सगळेच ओरडत होते, होड्यांजवळची माणसं, काकी, सत्यवान. गंगारामने डोक्यावरची टोपी काढून हवेत फिरवायला सुरुवात केली होती. सुगंधा ओरडत होती हे तिला घसा दुखला तेव्हा कळलं.

तिसरी फेरी संपली तशी मेजरने गती उतरवली, आणि जिथून सुटला होता बरोबर त्या जागी येऊन उभा राहिला. शर्यत झाली होती. आता कोणीतरी येऊन आपल्याला पाणी पाजेल, अशी त्याची मुद्रा होती.

सुगंधाने वाळूत बसून त्याच्या गळ्यात हात घातला. त्याचं काळीज तिच्या गालाशी धडधडत होतं. हे तिने कधी पाहिलं नव्हतं. बाबा खुर्चीत बसून हवेत दोन बोटं फिरवून सांगत, असो वळता, असो. आणि ती पुस्तकातून डोकं न काढता हं म्हणे.

धोंडूकाका तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तोंड उघडं होतं.

"दादा ह्या बघी?"

"होय."

"रोज?"

"सकाळी रोज म्हणे. आणि सुट्टीच्या दिवशी शर्यत."

काकाने बराच वेळ त्या तीन फेऱ्यांच्या पावलांकडे पाहिलं. "मगे सांगल्यान कित्या नाय मेल्यान माका," तो म्हणाला.

गंगाराम धावत आला. "धोंडूशेट! ह्यो कुत्रो न्हय, बाण आसा बाण! डुकराक पयलो पोचतलो ह्यो."

"आणि पोचल्यावर?" सुगंधाने विचारलं.

गंगाराम जरा थांबला. खोटं बोलणं त्याला जमलं नाही. "पयलो पोचता तेका सुळो लागताच, बाये. औंदा माझे चार गेले. पण ह्याच्यासारख्यान डुकराक अडवलो, तर मागचे वाचतत."

माबलीचं कातडं कुंपणाच्या काटकीनेही फाटे. सुगंधाने ते दोनदा शिवून घेतलं होतं. तिला ते बोलायचं होतं, पण तिच्याआधी काका खाकरला. कोर्टात उभं राहण्यापूर्वी तो असा खाकरत असे, हे सगळ्या घराला माहीत होतं.

"गंगाराम, मी तुका शब्द काय दिललंय?"

"कुत्रे दितंय म्हणान."

"किती?"

"दोन."

"दोन. जोडी. बरोबर? आता जोडीतली एक आजारी. सकाळपासून मरणाच्या दारात. ह्या सगळ्यांका इचार."

"मरता मरता वाचली!" काकी पुढे सरून म्हणाली. "अजून वाचली म्हणूक येणा नाय."

"तिका उठाकच होणा नाय," आत्याने भर घातली. "माझ्या हातातच जीव सोडी होती."

"म्हणजे दोन नाय," काका म्हणाला. "आणि दोन नाय, तर शब्द लागू होणा नाय."

"मगे ह्यो एकटो नेतंय."

"एकट्याचो शब्द मी खंय दिलंय?"

गंगारामने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "बरा. ती बरी झाली की येतंय. चार दिवसान? आठ?"

"ये ना," काका म्हणाला. "केवाय ये. पण ती बरी व्हवची नाय."

त्याच वेळी माबली बागेतून आली. झोप झाल्यावर घरात कोणी नाही, म्हणून शोधत आली होती. चार पायऱ्या आपल्या आपण उतरून, शेपूट हलवत, अगदी ताजीतवानी. सत्यवान खोकायला लागला. आत्याने पदर तोंडात कोंबला. सुगंधा गंगारामकडे बघत राहिली. सगळं आता त्याच्यावर होतं.

गंगारामने माबलीकडे बघितलं, धोंडूकाकाकडे बघितलं. त्याने आपला पितळी कडीचा पट्टा झोळीत टाकला.

"खूपच आजारी आसा," तो म्हणाला. "मी असो आजार बघूक नाय. सांबाळा तिका." आणि हसत, मान हलवत तो जत्रेच्या वाटेला लागला.

देवळाकडून ढोल सुरू झाले. काकी शिरवाळे पुन्हा पिळायला पळाली; आत्या तिला नारळ खवून द्यायला तिच्यामागे. सत्यवानने मेजरला पाणी पाजायला नेलं. ऊन उतरलं होतं. माबली काकाजवळ आली, आडवी उभी राहिली, आणि तिने आपलं सगळं अंग हळूच त्याच्या मांडीवर कलतं केलं. डोळे मिटून, भार टाकून.

"ह्या काय करता?" काका कुजबुजला.

"टेकली ती तुमका."

"मी बाजूक झालंय तर?"

"पडात."

काका हलला नाही. पंचा खांद्यावरून घसरला, तो त्याने घसरू दिला. तिकडून आत्या हाका मारत होती. पालखी निघायची वेळ झाली, मानाचा नारळ केळुसकरांचा, धोंडू खंय आसा? सुगंधाने काकाकडे पाहिलं.

"तुमी व्हा फुडे," तो म्हणाला. "माका आता हलाक येवचा नाय."